दारूखान्याची पाटी

फाटकातून आत पाऊल पडलं आणि अजीजुन्निसानं ओढणीचं टोक नाकाला लावलं. पाहुणे मागंच होते. त्यांना काय वाटेल म्हणून तिनं ते लगेच खालीही घेतलं. पण वास काही खाली गेला नाही. तळून तळून काळ्या झालेल्या तेलाचा, ओल्या वाळूचा, घोड्याच्या लिदीचा आणि माणसाच्या मुताचा मिळून एकच एक वास झाला होता, आणि तो पाहुण्यांना घ्यायला फाटकापर्यंत आला होता.

डोक्यावर कमान होती. तिच्यावर निळ्या लाटा, दात काढून हसणारा एक मोठा मासा आणि खाली अक्षरं: 'सागर किनारा बीच पार्क. मराठवाड्याचा स्वतःचा समुद्र!' अंबडला समुद्र कुठून आला, हे कुणी विचारत नव्हतं. गावाबाहेर रिसाल्याचा तलाव म्हणून एक जुना तलाव होता, निजामाच्या काळात रिसाल्याच्या, म्हणजे घोडदळाच्या, घोड्यांना पाणी पाजायला खोदलेला. पार्कचा ठेका घेतलेल्या गुत्तेदारानं त्याच्या एका अंगाला ट्रकनं वाळू आणून पसरली, दोन नारळाची झाडं उभी केली. त्यातलं एक वाळून गेलं आणि दुसरं सिमेंटचं होतं म्हणून टिकलं. झाला समुद्र तयार.

"दादी, ये समंदर है?" अफ्रीननं कानात विचारलं.

"चुप. हस मत. वो मारिया देख रही."

अफ्रीन ही अजीजुन्निसाची नात. बापानं दुसरं घर केलं तेव्हापासून पोर आजीच्याच पदरात वाढली होती. आता बस स्टँडजवळच्या मेडिकलवर बसायची. डॉक्टरांची अक्षरं तिला लागायची आणि माणसंही लागायची. तिला घनसावंगीचं स्थळ आलं होतं. मुलगा फहीम, ठिबकच्या नळ्यांचं दुकान. बाप इस्माईलभाई, सरकीचा व्यापार, पाच वक्ताची नमाज, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. घरात बाई नव्हती. फहीमची आई वारल्यापासून त्याची मोठी बहीण मारिया सासरहून येऊन सगळं ठरवायची, आणि तिनं ठरवलेलं कुणी मोडायचं नाही.

सगळं जुळत आलं होतं. फोटो पसंत, पोरगी पसंत, पोरगाही बरा. मग एका बाजारच्या दिवशी इस्माईलभाई काही न कळवता अंबडला उतरले आणि स्टँडवरच्या पानवाल्याला विचारलं, "दारूखानेवालों का घर किधर?"

अजीजुन्निसाच्या माहेरचं आडनाव शेख. पण अंबडात शेखांना काय तोटा? म्हणून तिच्या माणसांना सगळे दारूखानेवाले म्हणायचे. लग्न गावातल्या गावातच झालेलं, त्यामुळं नाव तिच्या पाठोपाठ सासरीही आलं आणि नातीलाही चिकटलं. जुन्या माणसांना ते माहीत होतं. पानवाला नवा होता. त्यानं पान चघळत हात केला तो सरळ स्टँडमागच्या देशी दारूच्या दुकानाकडं. इस्माईलभाई तिथं गेले. दुपारच्या आत आडवी झालेली माणसं बघितली, एक जण त्यांच्या बुटावर ओकता ओकता राहिला, आणि ते आले त्याच गाडीनं परत फिरले.

दुसऱ्या दिवशी मारियाचा फोन. "अम्माजी, बुरा मत मानो. पर हमारे में शराब के धंदेवालों से रिश्ता न्हई करते."

अजीजुन्निसाला आधी हसूच फुटलं. मग तिनं समजावलं. दारू म्हणजे पिण्याची नव्हे गं बाई, बारूद. तोफेची दारू, बंदुकीची दारू. फटाक्यांना आपण शोभेची दारू म्हणतो ना, तीच ती. तिचे पणजोबा फौजेच्या दारूखान्याचे राखणदार होते. तलावाकाठी ती इमारत अजून उभी होती.

"सब ऐसाच बोलते," मारिया म्हणाली.

तेव्हा मात्र अजीजुन्निसाला राग आला. "तो आंखों से देखो ना! इतवार को आओ. दारूखाना दिखाती मैं."

बोलून गेली खरी. तिथं पार्क झालंय हे तिनं ऐकलं होतं, पण ते झाल्यापासून ती गेली नव्हती. तिच्या डोळ्यापुढं होतं ते अब्बांच्या वेळचं: पाण्याकाठी सगळ्यांपासून लांब एकटीच उभी काळ्या दगडाची इमारत, एवढ्या जाड भिंती, खिडकी एकही नाही, हवेला तेवढ्या वाकड्या फटी. आणि दारासमोर लिंबाचं झाड.

त्या लिंबाखाली अब्बा थांबायचे. पायातले जोडे काढायचे, कारण जोड्याला खिळे, खिळ्याची दगडावर ठिणगी. खिशातली माचिस काढून झाडाखाली मेंढरं राखत बसलेल्या धनगराच्या हातात द्यायची. मग आत. तिथली बारूद अब्बा जन्मायच्या आधीच फौजेबरोबर गेली होती. तरी हे चालूच. लहानपणी अजीजुन्निसानं विचारलं होतं, आता आत काही नाही तर जोडे कशाला काढायचे? अब्बा म्हणाले होते, "बारूद गेली हे तुला माहीत, मला माहीत. भिंतीला कुठं माहीत?" बाहेर आलं की माचिस परत मिळायची, पण ज्याची त्यानं स्वतः मागितली तरच. धनगर आपण होऊन द्यायचा नाही.

त्या धनगराची सून बायनाबाई आज अजीजुन्निसाची शेजारीण होती. तिला साक्षीला घेतलं होतं.

"मी सांगते की!" बायनाबाई सकाळपासून म्हणत होती. "मी काय भिते का कुणाला? माझ्या सासऱ्याच्या कनवटीला तुझ्या बापाच्या माचिशी ऱ्हायच्या. धोतर धुताना भिजायच्या अन् सासू माझ्या नावानं बोंबलायची."

आता ती जत्रेला आल्यासारखी पुढं चालली होती आणि मागं पाहुण्यांची वरात. इस्माईलभाईंनी पायजमा घोट्याच्या वर उचलून धरला होता. वाळूत मक्याची चोखलेली कणसं, थर्माकोलच्या ताटल्या, केसांचे गुंते. पाण्याच्या कडेला हिरवा साका, त्यात पोट वर करून दोन मासे, आणि त्यांच्या शेजारीच पाण्यात बसून एक कुटुंब भेळ खात होतं. ताटली संपली की मागं न बघता पाण्यात. वरून तारेला लटकून पोरंपोरी किंचाळत या काठावरून त्या काठावर जात होती. त्यातल्या एकानं वरूनच पिचकारी मारली. ती इस्माईलभाईंच्या पुढ्यात पडली, लाल.

"लाहौल विला," ते पुटपुटले.

मारियाच्या उंच टाचा वाळूत रुतत होत्या. एकदा तिचा पाय कशात तरी पचकन गेला. तिनं खाली बघितलं. कुणाच्या तरी लेकराचं भरलेलं डायपर. फहीमनं खिशातला रुमाल काढून दिला. तिनं पाय पुसून तो त्याला परत देऊ केला. त्यानं हात मागं घेतले. अफ्रीनला हसू आवरेना, ती पलीकडं तोंड करून खोकली. फहीमनं ते बघितलं आणि तोही खोकला. अजीजुन्निसानं दोघांचं खोकणं ऐकलं आणि मनात म्हणाली, या दोघांचं तर जमलंय. राहिलंय ते आमचं नाव.

पुढं तोफ होती. खरी, जुनी, तोंडाला तडा गेलेली. अब्बा तिच्यावरून हात फिरवून "सलाम, बडीबी" म्हणायचे. आता तिला चंदेरी रंग फासला होता, पाठीवर लाल रेक्झिनचं खोगीर ठोकलं होतं आणि तोंडात कुरकुऱ्यांची पाकिटं नि गुटख्याच्या पुड्या कोंबल्या होत्या. आज शत्रू चालून आला असता तर निदान किळस येऊन तरी परत गेला असता.

"आत्या!" कुणीतरी हाक मारली.

लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात प्लास्टिकची बंदूक, काखेत घामाची तळी. बायनाबाईनं डोळे बारीक केले. "आरं सुग्रीव? हे काय बँडवाल्यावानी घालून बसलास?"

"बँडवाला न्हाई आत्या. मी सैनिक हाय. ऐतिहासिक." हा बायनाबाईच्या भावाचा मुलगा, पार्कात राखणीला होता. "गरम व्हायलंय लई, पण साहेब कोट काढू देत न्हाईत. कुठं निघालात?"

"दारूखाना बघायला."

"मंग चला की! समद्यात जास्ती गर्दी तिथंच ऱ्हाती. इतिहास म्हणलं की लोक येतेतच."

अजीजुन्निसाच्या जिवात जरा जीव आला. तिनं मारियाकडं वळून मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "देखो, लोगां दूर दूर से आते देखने कू."

लिंबाचं झाड नव्हतं. तिथं आता हृदयाच्या आकाराची लोखंडी चौकट होती, लोक तिच्यातून तोंड बाहेर काढून फोटो घेत होते. मागं इमारत होती तिथंच होती, पण तिला ओळखायला वेळ लागला. दारावर रंगीत दिव्यांच्या माळा. दाराशेजारी पुठ्ठ्याचा एक गोरा शिपाई, गाल लाल, एक डोळा मिटलेला, हातात बाटली. उंबऱ्यापाशीच निखाऱ्यावर कोंबडी भाजत होती. आतून गाण्याचा धडधडाट, आणि तो चार वासांचा मिळून एक झालेला वास इथं येऊन दारूचा पाचवा धरून उभा होता.

दाराजवळ पाटी होती. मोठी, पिवळी, किंचित खाली कललेली. अफ्रीन पुढं होऊन वाचायला लागली आणि मध्येच गप्प झाली.

"क्या लिख्खा?" अजीजुन्निसानं विचारलं. तिचा चष्मा घरी राहिला होता.

"कुछ न्हई दादी. ऐसाच."

"मैं पढती ना," मारिया म्हणाली, आणि खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करत वाचू लागली.

"दारूखाना, म्हणजेच लिकर हाऊस. निजाम व इंग्रज फौजेतील सैनिक दिवसभराच्या कवायतीनंतर येथे मद्यपान करीत. मद्य थंड राहावे म्हणून भिंती जाड ठेवल्या आहेत. हे मद्यालय चालवणारे कुटुंब आजही अंबडमध्ये दारूखानेवाले या नावाने प्रसिद्ध आहे." ती थांबली. दम घेतला. "येथील दारूत पाण्याचा एक थेंबही जाऊ देत नसत, अशी आठवण कुटुंबातील ज्येष्ठ महिला अभिमानाने सांगतात."

कोंबडीवरून चरबीचा एक थेंब निखाऱ्यावर पडला आणि चर्रर्र झालं.

अजीजुन्निसाला तो पोरगा आठवला. पार्क व्हायच्या आधी आला होता, मोबाईल पुढं धरून. "आजी, दारूखान्याचा इतिहास सांगा." चांगला वाटला पोरगा. तिनं त्याला चहा दिला, वर बशीत खारी दिली. सांगितलं, आमचे पणजोबा दारूखाना सांभाळायचे, चाव्या आमच्या घरात असायच्या. पावसाळ्यात पणजोबा रात्र रात्र जागायचे, दारूत पाण्याचा थेंब जाऊ द्यायचे नाहीत. पोरगा मान हलवत होता. "वा आजी, वा!" म्हणत होता. जाताना पायाही पडला होता मेला.

"काय लिव्हलंय गं?" बायनाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं अफ्रीनच्या दंडाला धरून विचारलं. अफ्रीननं खालच्या आवाजात सांगितलं. बायनाबाईनं सगळं ऐकून घेतलं, पाटीकडं खालून वर बघितलं आणि म्हणाली, "हाग्याचं तोंड याचं."

"आत्या, इतिहास हाय तो," सुग्रीव म्हणाला.

"तू गप. कोटाची गुंडी लाव आधी."

इस्माईलभाईंनी पाटीकडं दुसऱ्यांदा बघितलं नाही. "चलो," ते एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता, कंटाळा होता. घाण बघून झाल्यावर माणसाला येतो तसला. मारियानं पर्स काखेत मारली. अफ्रीन बुटांच्या टोकांकडं बघत उभी राहिली. तिनं मान खाली घातलेली अजीजुन्निसाला कधी बघवत नसे. पोरीला ती सवयच नव्हती.

"ऐसे कैसे चलो?" अजीजुन्निसा म्हणाली. "इतनी दूर आए तो अंदर से देख के जाओ."

"अब क्या देखना बाकी है अम्माजी?"

"घर देखने आए थे ना? ये मेरे बाप का घर है समझो. दरवाजे से कोई वापस जाता क्या?"

आता तिलाही ठाऊक नव्हतं की आत नेऊन काय दाखवणार. पण पाय उचलले गेले. उंबऱ्याशी आली आणि सवयीनंच वाकून तिनं चपला काढल्या. मग वळली, आणि कसलाही विचार न करता अब्बांसारखाच हात पुढं करून म्हणाली, "किसी के पास माचिस होंगी तो बाहर रख्खो."

बायनाबाईही आपसूक लिंबाच्या जागी, त्या लोखंडी हृदयाशेजारी, जाऊन उभी राहिली होती. सासऱ्यासारखी. तळहात उघडा.

इस्माईलभाई चमकून थांबले. "क्या बोले?"

"माचिस. अंदर न्हई ले जाते. जूते भी, खिल्ले हैं तो."

"हमारे में कोई पीता न्हई," मारिया ताठ होऊन म्हणाली. "हमारे घर में माचिस सिरफ चूले के पास रहती."

"अच्छा है. तो चलो."

कुणी हललं नाही. मग फहीम हलला. कानापर्यंत लाल झाला होता. त्यानं पँटीच्या खिशात हात घातला, बापाकडं न बघता दोन पावलं मागं गेला आणि बायनाबाईच्या तळहातावर निळ्या रंगाचं एक लायटर ठेवलं. मग खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला. फार सावकाश सोडत होता, कारण सुटल्यावर मान वर करावी लागणार होती.

"फहीम!" मारियाचा आवाज फाटला. "ये क्या है?"

"दादी बोले ना, बाहर रख्खो," तो नाडीकडं बघत म्हणाला.

"कब से?"

"आपा, अंदर जाने दो ना."

बायनाबाईनं लायटर उलटंसुलटं करून बघितलं, चट्कन पदराच्या गाठीत बांधलं आणि गाठ कमरेला खोचली. "माझ्यापाशी ऱ्हाईल," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं मागून घ्यायचं."

अजीजुन्निसा त्या पोराकडं बघत राहिली. खोटं बोलून आत यायला काय लागत होतं? दारातच निखारे फुललेले, आत शंभर सिगरेटी पेटलेल्या, बारूद कधीची गेलेली. एक लायटर जास्त झालं असतं तर कुणाचं काय जाणार होतं? भिंतीला कुठं माहीत, असं याला कुणी सांगितलं असेल?

आत अंधार होता आणि त्यात लाल-हिरवे दिवे फिरत होते. अनवाणी पाऊल फरशीवर पडलं तसं चिकटलं. उचललं तर चिर्र आवाज करून उठलं. आणखी टाकलं तर कोमट ओलं लागलं, आणि ते काय आहे हे जाणून घ्यायची अजीजुन्निसाला इच्छा नव्हती. अब्बा याच फरशीवर बसून दुवा मागायचे. कोपऱ्यात बाटल्यांचा ढीग, भिंतीवर बदामात कोरलेली नावं, आणि दुसऱ्या कोपऱ्यात तर उघडउघड मुतारीच झालेली. तिनं तिकडं पाठ केली.

"ये देखो," ती म्हणाली. तिनं भिंतीतल्या फटीत हात घातला आणि आत कोंबलेल्या गुटख्याच्या पुड्या उपसून खाली टाकल्या. "सीधी न्हई है. अंदर जा के मुडती. हवा आना, पर बाहर की चिंगारी न्हई आना. शराब थंडी रखने कू कोई ऐसा बांधता क्या?"

इस्माईलभाईंनी फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि अडला. त्यांनी हात काढला, पुन्हा घातला. भिंतीची जाडी वीत लावून बघितली. सरकीचा माणूस. जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगाशेजारी आयुष्य गेलेलं. एका बिडीनं काय होतं ते त्यानं बघितलेलं.

"हमारे गोदाम पे भी," ते हळूच म्हणाले, "मैं गेट पे सब के खिसे देखता. माचिस बाहर." मग जरा थांबून, "सिरफ घर के छोकरे का खिसा न्हई देखा."

"चाचा!" भिंतीला टेकून बसलेल्या पोरांच्या घोळक्यातून एक जण ओरडला. "उभे कामून? बसा की! दारूखान्यात येऊन कोरडं जाता का?" बाकीचे खिदळले. त्यातल्या एकानं सिगरेटचा शेवटचा झुरका मारला आणि जळतं थोटूक बोटानं उडवलं. ते हवेत फिरत फिरत अजीजुन्निसाच्या अनवाणी पायाशी येऊन पडलं.

ती दचकून मागं सरकली. पण तिच्याआधी इस्माईलभाई हलले होते. "बुझाओ! आग है!" त्यांनी चार पावलांत जाऊन त्या पोराच्या हातातली बिअरची बाटली हिसकावली आणि थोटकावर उपडी केली. फेस आला, फुस्स झालं, धूर निघाला. तरी ते ओततच राहिले, बाटली पार रिकामी होईपर्यंत.

"चाचा, दोनशेची हाय ती!" पोरगा कळवळला.

गाणं वाजतच होतं. हातात बाटली धरलेले इस्माईलभाई, दाढीवर लाल-हिरवा उजेड, आणि पायजम्यावर बिअरचे शिंतोडे. मारिया दारात उभी होती. आत यायला तिला किळस येत होती, पण तोंडावर धरलेला हात तिनं आता दुसऱ्याच कारणानं धरला होता. जन्मात हिनं बापाच्या हातात बाटली बघितली नसेल.

"अब्बा," ती म्हणाली, "वो नीचे रख्खो. कोई देखेगा."

इस्माईलभाईंनी बाटलीकडं बघितलं. विंचू धरल्यासारखी ती खाली ठेवली. मग हात अंगापासून लांब धरून बाहेर आले.

नळ होता, पण त्याला पाणी नव्हतं. शेवटी सगळ्यांनी त्या हिरव्या समुद्रातच हातपाय बुडवले. म्हणजे वरची घाण गेली आणि तलावाची लागली. सगळे फाटकाकडं निघाले. फहीम सगळ्यात मागं, बूट हातातच. अफ्रीननं चाल हळू केली.

"कौनसी पीते?" तिनं पुढं बघतच विचारलं.

त्यानं सिगरेटचं नाव सांगितलं.

"खोकल्याचं औषध पण नेता का मेडिकलवरून, का तसंच खोकता?"

तो हसला. मारियानं मागं वळून बघितलं तसे दोघंही खोकले.

फाटकाशी येऊन मारिया थांबली. तिचं तोंड उतरलं होतं, तरी तिनं सोडलं नाही. "सब ठीक है अम्माजी. बारूद था, मान लिया. पर पाटी तो दुनिया पढेगी ना? हम किस किस को अंदर ले जा के भिंत दिखाएंगे?"

अजीजुन्निसाच्या पायाचा चिकटपणा गेला नव्हता. पाऊल टाकलं की चप्पल टाचेला धरून वर यायची. तिला एकदम थकल्यासारखं झालं. शे-दीडशे वर्षं चार पिढ्यांनी राखलं ते एका खारी खाणाऱ्या पोरट्यानं दोन ओळींत असं करून ठेवलं होतं.

"बायनाबाई कुठं ऱ्हायली?" तिनं विचारलं.

बायनाबाई नव्हती. बाहेर भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. मग ती वाळूतून येताना दिसली, लगबगीनं, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. कोपरापर्यंत हिरवट-पिवळी. मागून सुग्रीव पळत येत होता, कोटाची झालर एका खांद्यावरून लोंबत होती.

"आत्या! आत्या, साहेब माझी नोकरी घेतील!"

"काय केलंस गं?" अजीजुन्निसानं विचारलं.

"काय न्हाई बाई. तिथं घोडे उभे होते, लीद पडल्ती ताजी ताजी. समोर पिवळी भिंत दिसली. म्हणलं इतकी कळकट, सारवून घ्यावी." बायनाबाईचा चेहरा देवळात आल्यासारखा होता. "चांगली दोन हात सारवली. खालनं वरपर."

"पाटी व्हती ती, आत्या!"

"मला काय म्हाईत? मला वाचता येतं का?"

इस्माईलभाईंच्या छातीतून एक चमत्कारिक आवाज निघाला. आधी अजीजुन्निसाला वाटलं, माणसाला ओकारी येतेय. पण ते हसत होते. दाढी हलत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "रिसाले के घोडे," ते म्हणाले, "आज काम पे आए."

"अन् ते तुमच्या पोराचं इथं ऱ्हायलंय बगा," बायनाबाई कंबर पुढं करून म्हणाली. "माझ्या हाताला लीद हाय, कनवटीचं तुमीच सोडून घ्या. पण मागून घ्या. रिवाज हाय."

फहीमनं बापाकडं बघितलं. मागितलं नाही.

"रहने दो," इस्माईलभाई डोळे पुसत म्हणाले. "तुम्हारे पास रख्खो. निकाह के बाद इसकी बीवी देगी तो देगी."

"अब्बा!" मारिया म्हणाली.

"न्हई देगी," अफ्रीन म्हणाली.

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती झटकन जीपमध्ये चढून पार कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्यामागं सगळे चढले. सगळ्यात शेवटी बायनाबाई, दोन्ही हात वर धरून, आणि तिच्याबरोबर तो वास. जीप सुटली तशी अजीजुन्निसानं ओढणीचं टोक नाकाला लावलं. समोर इस्माईलभाईंनी डोक्यावरची टोपी काढून नाकावर धरली होती आणि मारियानं पदराचा बोळा धरला होता. या खेपेला अजीजुन्निसानं ओढणी खाली घेतली नाही. आता काय पाहुणे होते का ते?